जिन्यावरची जागा

२६ जुलै २००५च्या रात्री परळला आमच्या चाळीच्या जिन्यावर सात कुत्री होती. त्यातली तीन आमची, म्हणजे गल्लीतली. काळी, तिचा थोराड झालेला बंड्या आणि एका डोळ्याने अधू म्हातारी चंपी. बाकीची चार कुठून आली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हिंदमाताकडून पाणी गल्लीत शिरलं तशी तळमजल्यावरची बिऱ्हाडं गाद्या, डबे आणि देव्हारे घेऊन पहिल्या मजल्यावर आली, आणि त्यांच्या पायांमधून वाट काढत कुत्रीही वर आली. एरवी दुसऱ्याच्या हद्दीत पाय पडला की रान उठवणारी ही जनावरं त्या रात्री एका पायरीवर एक, अंग चोरून बसली होती. कुणी भुंकलं नाही. माणसं त्यांना ओलांडून वर-खाली करत होती आणि कुणी हाकललंही नाही.

परक्या चौघांत एक तांबूस, पडलेल्या कानांचा होता. त्याच्या गळ्यात निळी नायलॉनची दोरी होती, वीतभर लोंबणारी. तिचं टोक कापलेलं नव्हतं, चावून चावून त्याचा ब्रश झाला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं. कुणीतरी त्याला बांधून ठेवलं होतं आणि पाणी चढायला लागल्यावर त्याने दोरी कुरतडून स्वतःला सोडवलं होतं. शेजारच्या काकूंनी त्याच्यापुढे दुधात पाव कुस्करून ठेवला. त्याने वास घेतला, खाल्लं नाही, आणि जिन्याच्या कठड्यातून खालच्या काळ्या पाण्याकडे बघत राहिला. आम्ही त्याला ‘पाहुण्या’ म्हणू लागलो.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या काही शेजाऱ्यांनी आपल्या आठवणी आणि अनुभवातून आलेल्या सूचना एकत्र करून हे छोटं पुस्तक तयार केलं आहे. पूर, भूकंप, दरड, वादळ यानंतर कुत्र्यांना कसं वाचवायचं आणि वाचलेल्यांचं पुढे काय करायचं, हा त्याचा विषय. मला प्रस्तावना लिहायला सांगितली ती मी या कामातली तज्ज्ञ आहे म्हणून नव्हे. वीसेक वर्षं पावसाळ्यात जिन्यावर, पुलाखाली, बंद दुकानांच्या फळ्यांवर कुत्र्यांमागे फिरणाऱ्या अनेकांपैकी मी एक. पण पाहुण्याच्या बाबतीत मी एक चूक केली आणि त्या चुकीने मला या विषयाचं मर्म दाखवलं. ती पुढे सांगतेच.

आधी पावसाबद्दल. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक. गिरगावातल्या लोकांना कुर्ला-कलिन्यात काय चाललं आहे याची रात्री उशिरापर्यंत कल्पना नव्हती, आणि घरचं माणूस उपनगरातून परतलं नाही तेव्हा ती आली. मधला आमचा पट्टा वेगळाच. सात बेटं जोडून हे शहर झालं, पण मधली खोलगट जमीन खोलगटच राहिली. हिंदमाता म्हणजे बशीचा तळ. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की तिथे पाणी साचणारच, २६ जुलैची गरज नाही. अलीकडे महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधल्या, त्यामुळे पाणी लवकर ओसरतं. तरीही जूनमध्ये ढग दाटले की आमच्या पिढीची नजर आधी रस्त्याच्या कडेच्या जाळीकडे जाते. कुत्र्यांचीही जाते. तळमजल्यावरचा दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायच्या आधी गल्लीतली कुत्री उंचावर गेलेली असतात, हे मी किती वेळा पाहिलं आहे.

कुत्रं पोहतं, म्हणून ते वाचतं, असा एक समज आहे. पोहतं खरं, पण किती वेळ? भिजलेलं, उपाशी कुत्रं हळूहळू गारठून गळून जातं. पाण्याला ओढ असली तर त्याआधीच. शिवाय शहरातलं तुंबलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात उघडी गटारं असतात, डिझेल असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विजेच्या खांबातून उतरलेला करंट. चार पाय उघडे, अंग ओलं. खांबाशी कुत्रं निपचित पडलेलं दिसलं तर त्याला हात लावायच्या आधी वीज बंद करून घ्यावी, ही सूचना या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे आणि ती तिथेच हवी. जनावर वाचवायला गेलेला माणूस दगावला, तर त्या गल्लीत पुढची दहा वर्षं कुणी जनावराला हात लावत नाही.

पाणी ओसरल्यावरचे पंधरा दिवस तर अधिक कठीण. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो. माणसांना डॉक्टर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात, पण त्याच चिखलात दिवसभर लोळणाऱ्या कुत्र्यालाही लेप्टो होतो हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. पिल्लांना पार्व्हो गाठतो. पत्र्याने कापलेल्या पायाची जखम दोन दिवस दुर्लक्षित राहिली की माश्या बसतात आणि तिसऱ्या दिवशी आत अळ्या वळवळतात. चंपीच्या मानेत तशी जखम झाली होती. काकूंनी तिचं डोकं मांडीत धरलं, मी टर्पेंटाइनचा बोळा लावला, आणि अळ्या एकेक करून बाहेर येऊ लागल्या तेव्हा चंपीने काकूंचा हात चावला नाही, चाटला. मग टॅक्सीवाल्याला विनवून तिला बैलघोड्याला नेलं.

बैलघोडा म्हणजे काय ते परळच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकासाठी लिहिते. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परळला उभं राहिलं. तेव्हा शहर बैलगाडी आणि घोडागाडीवर चालत होतं, रुग्ण तेच होते, आणि नाव पडलं ते कायमचं. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठीची संस्था मुंबईत १८७४ साली निघाली होती. १८८६मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयही इथेच सुरू झालं. हाफकिन संस्था तर हाकेच्या अंतरावर. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही आमच्या लहानपणची सगळ्यात मोठी धास्ती, आणि ती लस परळच्याच हाफकिनमध्ये तयार होत असे. म्हणजे कुत्र्यावरची माया आणि कुत्र्याची भीती, दोन्हींची औषधं या एका टापूत. दोन्ही खऱ्या आहेत हे आम्ही जन्मापासून पाहिलं आहे, आणि म्हणून चावा घेतलेल्या पोराच्या आईला ‘घाबरू नका हो’ असं उडवून लावणाऱ्यांतली मी नाही.

गिरगावाकडची गोष्ट याहूनही जुनी. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत दरवर्षी ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारायचा हुकूम असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. पैशांच्या लोभाने शिपाई घरातून, अंगणातूनही कुत्री ओढून नेऊ लागले. १८३२च्या जूनमध्ये कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, पारशी समाज रस्त्यावर आला, इतर समाजही सामील झाले, दुकानं बंद पडली, दंगल झाली. इतिहासकार तिला कुत्र्यांची दंगल म्हणतात. पुढे दोनच वर्षांनी, १८३४मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेटियांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभा राहिला. सी. पी. टँकवरून आज जाताना गाईंना चारा घालणारी माणसं दिसतात. त्या जागेच्या जन्माशी कुत्र्यांचा संबंध आहे, हे तिथे रोज जाणाऱ्यांनाही माहीत नसतं. मारणं मात्र त्यानंतरही पुष्कळ काळ चालू राहिलं. मुंबई महापालिकेने ते थांबवून नसबंदीचा मार्ग धरला तो १९९४मध्ये. महालक्ष्मीला ज्या आवारात कुत्री मारायला आणली जात, तिथेच १९८५ साली सुरू झालेल्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेचं नसबंदी केंद्र चाललं. तिथून परत आलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. २०१४च्या गणनेत शहरात ९५ हजारांवर मोकाट कुत्री मोजली गेली होती, दहा वर्षांनंतरच्या गणनेत आकडा थोडा खाली आला.

नसबंदीनंतर कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, हा नियम २००१च्या नियमावलीत होता, २०२३च्या नव्या नियमावलीतही आला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५मधल्या आदेशांनंतर शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा जागांपुरता तो बदलला आहे आणि त्यावरून देशभर वाद चालू आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण ‘जिथून उचललं तिथेच’ यामागे जी समज आहे, ती आपत्तीच्या कामात मला फार मोलाची वाटते. कुत्र्याचं घर म्हणजे चार भिंती नव्हेत. पानवाल्याची फळी, मच्छीवालीची टोपली, सकाळी साडेसहाला दूध घेऊन येणारा भय्या, रात्रपाळीहून परतणारा एक विशिष्ट माणूस, हे त्याचं घर. आपण ‘बेघर कुत्रं’ म्हणतो ते बहुतेक वेळा बेघर नसतंच. पुराने त्याला त्याच्या घरातून वाहून आणलेलं असतं, आणि आपण दयेच्या भरात त्याला आणखी लांब नेतो.

हीच माझी चूक. पाहुण्या पाच दिवस जिन्यावर राहिला. सहाव्या दिवशी डोंबिवलीच्या एका ओळखीच्या कुटुंबाने त्याला घ्यायची तयारी दाखवली. घर मोठं, अंगण, मुलं कुत्र्याची हौशी. मी आनंदाने त्याला पाठवला. चाळीत सगळ्यांना सांगत सुटले की एकाचं तरी भलं झालं. बाराव्या दिवशी वडाळ्याकडून एक म्हातारे गृहस्थ आले. लेंगा, वर भिजून आटलेला शर्ट, हातात निळ्या नायलॉनच्या दोरीचा उरलेला तुकडा. झोपडीत छातीएवढं पाणी आल्यावर नातवंडांना घेऊन ते शाळेत गेले, परत आले तेव्हा दोरी तुटलेली आणि कुत्रं नाही. गेले दहा दिवस ते रोज एका दिशेला चालत जाऊन विचारत होते. दोरीचं टोक आमच्याकडच्या टोकासारखंच होतं. ‘सोन्या नाव त्याचं,’ ते म्हणाले. मी डोंबिवलीला फोन केला. तिकडून कळलं की तिसऱ्याच दिवशी दार उघडं दिसताच तो निघून गेला होता. मला कळवायचं त्यांना अवघड वाटलं होतं. म्हातारे जिन्याच्या खालच्या पायरीवर बराच वेळ बसले. मला एक शब्द बोलले नाहीत. काकूंनी दिलेला चहा प्यायले, दोरी खिशात घातली आणि गेले.

मी दोन महिने डोंबिवलीच्या खेपा घातल्या. सोन्या मिळाला नाही.

त्याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, अमेरिकेत कतरिना वादळ आलं आणि हीच गोष्ट तिथे हजारोंच्या संख्येने घडली. न्यू ऑर्लीन्समध्ये बसमध्ये आणि निवाऱ्यांत जनावरांना घेऊ देईनात. काही माणसं कुत्रं सोडून निघायला तयार झाली नाहीत आणि बुडत्या घरात मागे राहिली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जनावरं देशभर दत्तक दिली गेली, आणि महिन्यांनी मूळ मालक शोधत आले तेव्हा नवी घरं परत द्यायला राजी होईनात. प्रकरणं कोर्टात गेली. एका बाजूला सगळं गमावलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला आजारी कुत्र्याला जीव लावून बरं केलेलं कुटुंब. यात दुष्ट कोण? कुणीच नाही, आणि म्हणूनच ते फार वाईट. पुढच्या वर्षी तिथे कायदा झाला की लोकांना हलवण्याच्या सरकारी आराखड्यात पाळीव जनावरांचाही विचार असलाच पाहिजे. करुणेपेक्षा हिशेब त्यामागे अधिक होता. कुत्र्याला जागा दिली नाही तर माणूसही येत नाही, एवढं त्यांना कळलं.

आपल्याकडे हे कोल्हापूर-सांगलीच्या २०१९च्या महापुरात दिसलं. शिरोळ तालुक्यात नाव दाराशी आली तरी माणसं गोठ्याकडे बघत उभी. जनावरं सोडून कसं यायचं? सांगलीत आधीपासून बैलांसाठी काम करणारी अ‍ॅनिमल राहत, पुण्याची रेस्क्यू, या संस्थांच्या माणसांनी पाण्यात उतरून गुरं, गाढवं, कुत्री काढली. कौलांवर, पत्र्यांवर कुत्री दिवसच्या दिवस बसून होती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा लालबाग-परळमधून निघालेल्या मदतीच्या टेम्पोंत तांदूळ, चादरी, सतरंज्या होत्या. कुणाचं तरी गाव तिकडे असतंच. आमच्या ओळखीच्या दोन मुलांनी त्यात कुत्र्यांच्या खाद्याच्या चार गोणी टाकल्या तेव्हा एकाने हटकलं, ‘माणसांचं आधी बघा.’ त्या मुलांनी वाद घातला नाही. आधी माणसांच्या घरांतला चिखल उपसला, आणि संध्याकाळी त्याच घरातल्या बाईने विचारलं, आमचा मोती कुठे दिसला का हो? या पुस्तकातलं चिपळूणचं प्रकरण त्यांनीच लिहिलं आहे. तेच मी पहिल्यांदा वाचलं आणि तुम्हीही तिथून सुरुवात केलीत तर चालेल.

सरकारी भरपाईच्या निकषांत आपत्तीत मेलेल्या दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये आहेत, शेळीला ४,०००, कोंबडीलाही १००. कुत्रं यादीत नाही. भरपाई मिळावी असं माझं म्हणणं नाही, कुत्र्याचे पैसे कोण मागणार? पण यादीत नाही म्हणजे मोजणीत नाही. किल्लारीच्या भूकंपात, माळीणच्या दरडीत, इर्शाळवाडीत किती कुत्री गेली, किती मागे राहिली, त्यांना कुणी नेलं, याची कुठेच नोंद होत नाही. आणि मोजलेलं नसतं ते शोधलंही जात नाही. म्हणून या पुस्तकात सगळ्यात जास्त जोर नोंदीवर आहे. सापडलेल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो, कुठे सापडलं ती जागा, गळ्यातली दोरी किंवा पट्टा जपून ठेवणं, कानाची खाच कोणत्या बाजूला, आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर आणि शाळांतल्या निवाऱ्यांत फोटो लावणं. किमान महिनाभर सांभाळ तात्पुरता, दत्तक नाही. त्यानंतरही कुणी आलं नाही आणि मूळ गल्लीत परत सोडण्यासारखी परिस्थिती उरली नाही, तरच नवं घर. नव्या घराला भेट देऊन यायचं, पहिले दोन आठवडे दाराला आतून कडी, आणि कुत्रं हरवलं तर लाज न बाळगता त्याच दिवशी कळवायचं हे आधीच तोंडाने वदवून घ्यायचं. ही शेवटची ओळ माझ्या आग्रहाने आली आहे.

सगळीच पुन्हा रस्त्यावर सोडावीत असं मात्र कुणी समजू नये. आंधळी, लंगडी झालेली, आईवेगळी पिल्लं, मालक दगावलेली पाळीव कुत्री यांना घरच हवं. गावठी कुत्रं फ्लॅटमध्ये रुळत नाही हे खोटं आहे. आमच्या ओळखीतल्या दादरच्या एका आजींकडे पुरातून आलेली लंगडी कुत्री तेरा वर्षं राहिली, आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आजींआधी तिला लोक ओळखत.

आता जे मनाला सर्वांत लागलं आहे ते लिहिते. २००५मध्ये आमच्या जिन्याला दार नव्हतं. गिरगावच्या वाड्यांत, लालबागच्या चाळींत कुठेच नव्हतं. म्हणून सात कुत्री वाचली. आमची चाळ पुनर्विकासात गेली, आम्ही काही वर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढली, आणि आता त्याच जागी टॉवर आहे. मला त्या चाळीच्या सामायिक संडासांचं प्रेम नाही. नव्या घरात नळाला चोवीस तास पाणी आहे, गुडघे दुखतात तर लिफ्ट आहे. पण गल्लीत पाणी अजूनही भरतं, आणि दोन्ही बाजूंना आता फक्त फाटकं आहेत. उंच ओटा नाही, जिना नाही, पडवी नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसात बंद फाटकाबाहेर एक कुत्री पोटापर्यंत पाण्यात, पिल्लू तोंडात धरून उभी होती. वॉचमनला वरून फोन करून फाटक उघडायला लावेपर्यंत अर्धा तास गेला. कुत्री आत आली, पिल्लू जिवंत होतं. नंतर सोसायटीच्या सभेत मी एवढंच मागितलं की पाणी भरेल त्या रात्री पार्किंगच्या रॅम्पचं दार उघडं ठेवावं, सकाळी जागा धुण्याचं काम आम्ही चार बायका करू. तीन सभा लागल्या. एका शेजाऱ्याचा विरोध होता, त्यांच्या नातीला लहानपणी कुत्रं चावलं आहे. मग ठरलं की रॅम्पला दोरी बांधून कुत्र्यांची बाजू आणि माणसांची बाजू वेगळी ठेवायची. ती दोरी त्या शेजाऱ्यांनीच आणून बांधली.

पुस्तकाच्या शेवटी एक पान कोरं ठेवलं आहे. पावसाळ्याआधी आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची नावं, रंग, कानाची खाच आणि रोजची झोपायची जागा त्यावर लिहायची. माझ्या प्रतीत मी लिहायला बसले. सध्या पाचच आहेत. ब्राउनी, छोटी, इडली, भाऊ आणि ते तोंडात धरून आणलेलं पिल्लू, ज्याला मुलं आता रॅम्पी म्हणतात. सहाव्या ओळीवर लिहिलं: सोन्या. तांबूस, पडलेले कान, गळ्यात निळी दोरी. वडाळ्याचा.